ठासणीच्या बंदुकीचा गंज काढण्याआधी नळीत एक काठी सोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घराचा माळा रिकामा करताना ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायची, आणि टोपीवर (आपटली की ठिणगी देणाऱ्या धातूच्या छोट्या वाटीवर) उडणारी एक जुनी बंदूक सापडली. नळी बाहेरून लाल-तपकिरी, आतून खरखरीत. निपल (टोपी बसवायची, बुडाजवळची भोक असलेली बोंडी) जाम झालंय, घोडा (टोपीवर आपटणारा हातोडा) अर्ध्यावर अडकलाय. नळीत गज (ठासायची लांब काठी) सोडला तर बुडापासून चारेक बोटं अलीकडेच थांबतो, "आत गंज साचला असावा". एकाने सांगितलं, रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. दुसऱ्याने सांगितलं, पॉलिश पेपर मारा आणि नव्याने निळी (धातूवर चढवायचा निळसर-काळा रंग) करून घ्या. यातलं बरोबर काय, आणि साफ झाल्यावर एकदा बार उडवून बघता येईल का?

यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय, ते गजाचं. गंज नळीच्या भिंतीला धरतो. त्याचे पापुद्रे सुटतात, तळाशी थोडा चुरा जमतो. पण चार बोटं उंचीचं बूच नुसत्या गंजाने सहसा बसत नाही. गज असा मध्येच थांबला की माझ्या हाताखालून गेलेल्या बंदुकांत तीन कारणं निघाली आहेत. कुंभारमाशीने आत मातीचं घर केलेलं असतं. किंवा बंदुकीची घडणच तशी असते, बुडाशी दारूची खोली नळीपेक्षा अरुंद ठेवलेली. नाहीतर बंदूक भरलेली असते. पहिल्या दोन्हींपैकी एक डोळ्यांनी दिसेपर्यंत तिसरंच खरं आहे असं धरून चाला. तोवर व्हिनेगर नाही, पॉलिश पेपर नाही, ड्रिल नाही, आणि निपल सैल करायला गॅसची ज्योत तर मुळीच नाही.

"इतकी वर्षं झाली, दारू कधीच मेली असेल," असं प्रत्येक जण म्हणतो. काळी दारू म्हणजे साधारण 75 टक्के सोरा, 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक. यातलं काहीही वयाने नासत नाही. ओल लागली तर सोरा विरघळतो, वाळली की दारू पुन्हा पेटण्याजोगी होते, फार तर जोर थोडा कमी. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एक तोफ होती, 1780 साली बुडालेल्या 'हसार' या ब्रिटिश जहाजावरची. जानेवारी 2013 मध्ये तिचा गंज काढताना कामगारांच्या लक्षात आलं की आत गोळा आहे, आणि गोळ्यामागे सुमारे 800 ग्रॅम दारू. लहान हत्यारांचं तर विचारूच नका. 1863 च्या जुलैत, अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून 27,574 बंदुका गोळा झाल्या. त्यातल्या सुमारे 24,000 भरलेल्या होत्या, आणि त्यांतल्याही निम्म्यांत एकावर एक दोन बार. घाबरलेला माणूस बार उडाला की नाही हे न बघताच पुढचा ठासत होता.

माझा स्वतःचा अनुभव इतका भव्य नाही, पण मला पुरेसा आहे. एका दुनळीच्या उजव्या नळीतून मी बार काढला. आधी कागदाचा बोळा आला, मग मोहरीएवढे, वरून पांढरट पडलेले छर्रे, मग काथ्याचा गच्च गोळा, आणि शेवटी खडे झालेली राखाडी दारू. त्यातली चिमूटभर उन्हात वाळवली आणि उघड्यावर लांब काठीच्या टोकाने पेटवून पाहिली. फस्सकन गेली. डावी नळी रिकामी होती. ती बंदूक कित्येक वर्षं मालकाच्या बैठकीत सोफ्याच्या वर टांगलेली होती, तोंड दाराकडे.

तेव्हा आधी मोजमाप. बंदुकीचा स्वतःचा गज यासाठी वापरू नका. कित्येकदा तो नळीच्या तोंडाशी जेमतेम बरोबर बसेल एवढाच लांब असतो, कधी तुटून आखूड झालेला असतो, आणि त्याच्या टोकाला लोखंड असू शकतं. नळीत सहज जाईल अशी सरळ लाकडी काठी घ्या, नळीपेक्षा वीतभर लांब. निपलवर जुनी टोपी चिकटलेली आहे का ते बघा. असेल तर तिच्यावर तेलाचे दोन थेंब सोडून एक-दोन दिवस भिजू द्या, आणि मग लाकडाच्या सळपटाने हळूच उचलून काढा, पक्कडीने नाही. घोडा अर्ध्यावर आहे म्हणता, तर घोडा आणि निपल यांच्यामध्ये जाड चामड्याचा तुकडा आत्ताच सरकवून ठेवा. घोड्याला अर्ध्यावर धरून ठेवणारी आतली खाच इतक्या वर्षांनी त्याला किती पेलते यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

मग बंदूक आडवी ठेवा, तोंड जिथे कुणी येत-जात नाही अशा बाजूला. स्वतः नळीच्या समोर न येता बाजूने काठी आत सरकवा. थांबली की नळीच्या तोंडाबरोबर पेन्सिलीने खूण करा. काठी बाहेर काढून नळीवर तशीच धरा, खूण तोंडाशी जुळवून. काठीचं टोक निपलच्या साधारण बरोबरीला यायला हवं. तिथे आलं तर नळी रिकामी आहे. एक इंच किंवा त्याहून जास्त अलीकडे राहिलं तर आत काहीतरी आहे, नाहीतर खोली अरुंद आहे. हे वेगळं कसं करायचं? पेन्सिलीपेक्षा बारीक, सहा-सात मिलिमीटरची दुसरी काठी घ्या आणि तिच्यावरही तशीच खूण करा. अरुंद खोली असेल तर बारीक काठी पहिलीच्या पुढे जाईल आणि बुडाला टेकली की टणक, कोरडा आवाज देईल. ती त्याच जागी थांबली आणि टेकल्याचा आवाज मऊ, गप्प आला, तर बोळा आहे. कुंभारमाशीचं घर असेल तर काठीच्या टोकाला कोरडी माती लागून येते. माती आली म्हणून लगेच सुटलो असंही समजू नका. माशी भरलेल्या बंदुकीतही घर करते.

भरलेली निघाली तर माझा सल्ला सरळ आहे: हे काम जुन्या बंदुकांची सवय असलेल्या गनस्मिथकडे द्या. तो काय करतो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला प्रश्न नीट विचारता येतील. नळीत पाणी ओतून ती काही दिवस भिजत ठेवायची. तेलाने दारूचा चिखल होतो, पाण्याने सोरा विरघळून निघून जातो, म्हणून पहिला हक्क पाण्याचा. मग गजाच्या टोकाला पीळदार आकडा लावून बोळे ओढून काढायचे. गोळी असेल तर तिच्यात रुतणारा स्क्रू लावून ती ओढायची. निपल सुटत असेल तर काही जण त्या आट्यांत ग्रीस गनची जोडणी बसवतात आणि ग्रीसच्या दाबाने अख्खा बार तोंडातून बाहेर ढकलतात. फार शांतपणे होणारं काम आहे ते. निघालेली दारू बादलीभर पाण्यात टाकली की ती संपली. आणि हत्यार बाळगणं, दुरुस्त करणं, उडवणं याचे कायदे जागोजागी वेगळे आहेत. तुमच्या बंदुकीला काय लागू होतं ते पहिल्या दिवशीच विचारून घ्या.

इथून पुढचं सगळं नळी रिकामी आहे हे पक्कं झाल्यावरचं.

तुम्ही विचारलंत, गंज कशाने काढू. मी ते जरा फिरवून विचारतो: गंजाने कुठे आणि किती खाल्लंय? हे कळेपर्यंत कुठलंही द्रव्य निवडणं म्हणजे रोगी न बघता औषध देणं. आणि हे बरंचसं बंदूक कोणती आहे यावर अवलंबून आहे. अलीकडची, कारखान्यात जुन्या धर्तीवर बनवलेली असेल, म्हणजे नळीवर फक्त काळी दारू वापरा अशी इंग्रजी सूचना कोरलेली असेल, स्क्रू एकसारखे यंत्रावरचे असतील, तर नळी आजच्या पोलादाची आहे आणि तुम्हाला बराच मोकळा हात आहे. खरोखर जुनी असेल तर नळी लोखंडी पट्टी गुंडाळून, घडवून, जोडून केलेली असू शकते. तिच्यात सांधे असतात आणि सांध्यात गेलेलं कुठलंही द्रावण धुऊन निघता निघत नाही. पट्ट्यांना पीळ घालून केलेली दमास्कस नळी असेल तर प्रकरण आणखी नाजूक.

व्हिनेगरचं मला विचारू नका. नाही, विचाराच. सुरुवातीच्या काळात मी हेच केलं होतं. पीळाची नळी होती, बाहेरून तुमच्यासारखीच तपकिरी. रात्री व्हिनेगरमध्ये बुडवली, सकाळी काढली तर गंज गेला होता आणि त्याच्याबरोबर नळीचा मूळचा तपकिरी रंगही गेला होता. तो रंग गंज नव्हताच. कारागिराने मुद्दाम, थर थर चढवून केलेलं काम होतं ते. आम्लाने पिळातल्या पट्ट्यांचं लोखंड आणि पोलाद सारखं खाल्लं नाही, त्यामुळे बोट फिरवलं की जाळीवरून फिरवल्यासारखं लागायचं. मालकाने काही म्हटलं नाही. त्याला फरक कळला नव्हता, मला कळला होता. आम्ल गंज आणि धातू यांत भेद करत नाही. गंज संपला की ते धातूला लागतं आणि तुम्ही झोपलेले असता.

पॉलिश पेपर तर त्याहून वाईट, कारण त्याचा परिणाम दिसायला छान दिसतो. कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं आणि शिक्के पुसट होतात, आणि खड्डे तिथेच राहतात. खड्डा घालवायचा तर त्याच्या तळापर्यंत सगळी नळी खाली आणावी लागते. म्हणजे गंजाने जागोजागी खाल्लं ते तुम्ही सगळीकडे खाता. निळी करायचं म्हणाल, तर गरम क्षारांच्या द्रावणातली आजची पद्धत जुन्या दुनळीवर कधीच वापरू नका. ते द्रावण दोन नळ्या आणि मधली पट्टी जोडणारा शिसं-कथलाचा सांधा खातं. पट्टी सुटते, नळ्या सुट्या होतात.

मग करायचं काय? तेल आणि वेळ. मला नव्वद टक्के कामाला एवढंच लागतं. नळीच्या बाहेरच्या बाजूला पातळ, आत मुरणारं तेल लावा, रॉकेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळलं तरी चालतं. तीन-चार दिवस रोज ओलं ठेवा. मग चार शून्यांची, म्हणजे सगळ्यात बारीक स्टील वूल, तीही तेलात बुडवून, बोटाच्या दाबाने फिरवा. घट्ट चिकटलेल्या खपल्या पितळेच्या छोट्या पट्टीच्या कडेने, पट्टी जवळजवळ आडवी धरून, तेलाखालीच खरवडा. पितळ लोखंडापेक्षा मऊ आहे, झिजलं तर पितळ झिजतं. सुरुवातीला आवाज खर्रखर्र येतो आणि तेल विटकरी होतं. पुसा, नवं तेल, पुन्हा. एक वेळ अशी येते की आवाज बसतो, पट्टी घसरायला लागते आणि तेल तांबडं न होता नुसतं मळकं होतं. थांबायची जागा तीच. खाली जो काळपट-तपकिरी, गुळगुळीत थर दिसतो तो ठेवायचा आहे. तो स्थिर असतो, पुढे खात नाही. खात असतो तो वरचा केशरी, बोटाला लागणारा. खड्ड्यांच्या तळाशी काळं राहिलं तर राहू द्या.

हट्टी केशरी गंज पुन्हा पुन्हा येत असेल, तर खड्ड्यांत क्षार अडकले आहेत असं समजा. ठासणीच्या बंदुकीत हे हमखास. काळी दारू जळली की तिचा निम्म्याहून जास्त भाग घन राख होऊन मागे राहतो, आणि ती राख हवेतली ओल ओढते. जुन्या टोप्यांतल्या क्लोरेटमुळे त्यात क्लोराइडची भर पडते, म्हणजे मिठासारखाच प्रकार. हे तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून नुसतं तेल पाजून ठेवलेली बंदूक तेलाखाली गंजत राहते. अशा वेळी मी नळी कुंद्यापासून पूर्ण सुटी करतो, तेल धुऊन काढतो आणि ऊर्ध्वपातित पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं चांगली उकळतो. क्षार निघतात, आणि उरलेला तांबडा गंज तुमच्या डोळ्यांसमोर काळा होत जातो. वर मखमलीसारखी काळी भुकटी धरते, ती कोरड्या, तेल धुतलेल्या स्टील वूलने अलगद झाडायची. जुने कारागीर नळीला रंग चढवायचे ते याच तत्त्वावर: मुद्दाम गंज आणायचा, उकळायचा, झाडायचा, पुन्हा आणायचा. नळी पाण्यातून काढली की ती इतकी तापलेली असते की पाणी आपोआप उडून जातं. गरम असतानाच तेल द्या.

आता आतली बाजू. खरं काम इथे आहे, आणि इथे घाई सगळ्यात महागात पडते. नळी सुटी करून, निपलचं भोक बंद करून, ती तोंड वर करून उभी करा आणि आत तेल भरून आठवडाभर विसरून जा. मग काशाचा किंवा पितळेचा, नळीच्या मापाचा ब्रश मजबूत गजावर लावून चालवा. लाकडी गजावर जोर देऊ नका, मोडून तिरपं टोक तळहातातून आरपार गेलेली माणसं मी पाहिली आहेत. ब्रशला बारीक स्टील वूलचा वेढा दिला तर काम लवकर होतं. चाळीस-पन्नास फेऱ्या, कापडाचा बोळा, पुन्हा तेल. पहिले बोळे गेरूसारखे निघतील. पाच-सहा दिवसांत ते करडे व्हायला लागले की बरं चाललंय.

विजेने गंज काढायची पद्धत कुणीतरी तुम्हाला सांगेलच, म्हणून तिच्याबद्दल. ती चांगली चालते, पण मी ती आजच्या पोलादी नळीपुरती ठेवली आहे. नळी उभी, बूड बंद. आत चार लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा घातलेलं पाणी. मधोमध साधी लोखंडी सळई, नळीला कुठेही न टेकता, त्यासाठी तिला दोन-तीन ठिकाणी इन्सुलेशन टेपची वेटोळी. बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरचं ऋण टोक नळीला आणि धन टोक सळईला. हे उलटं झालं तर गंजाऐवजी नळी विरघळायला लागते, म्हणून तीनदा बघा. एक-दोन अँपिअर पुरेत. सळई स्टेनलेस नको, तिच्यातल्या क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. जागा हवेशीर हवी, कारण हायड्रोजन निघतो. दोन-तीन तासांनी सळई काढली की तिच्यावर काळा-विटकरी चिखल जमलेला असतो. स्प्रिंगा आणि लॉकचे, म्हणजे घोडा चालवणाऱ्या यंत्रणेचे, पाणी देऊन कडक केलेले भाग यात कधी टाकू नका, हायड्रोजनने ते ठिसूळ होतात. घडवलेल्या जुन्या नळीला मी ही पद्धत लावत नाही, कारण सोड्याचं पाणी सांध्यात जातं आणि महिन्याभराने पांढरं होऊन बाहेर येतं.

निपल आणि बूड. निपलला रोज दोन थेंब तेल, पंधरा दिवस, मधून मधून पितळी तुकड्याने हलके ठोके. मग त्याच मापाचा पाना, पक्कड नाही. सुटलं नाही तर आणखी पंधरा दिवस. एकदा मोडलं की ड्रिल करून काढावं लागतं आणि नवे आटे पाडावे लागतात. नवं बसवताना आट्यांचं माप आधी जुळवा. जवळपासचं माप दोन फेरे जातं आणि आटे खाऊन बसतं. नळीच्या बुडाचा आटेदार प्लग मात्र उगाच काढायला जाऊ नका. आत साफ करता येतंय, बघता येतंय, तर तो आहे तिथे राहू द्या. तो काढताना नळी पिळली गेलेली मी पाहिली आहे.

लॉकचं थोडक्यात सांगतो. जुन्या स्क्रूच्या खाचा हाताने कापलेल्या, अरुंद असतात. पेचकसाचं पातं त्या खाचेत बरोबर बसेल असं घासून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी बंदुकीचा चेहरा विद्रूप होतो. प्रत्येक स्क्रू फक्त त्याच्याच भोकाचा असतो. पुठ्ठ्यावर बंदुकीचं चित्र काढून तिथल्या तिथे टोचून ठेवा. लॉकची पाटी पेचकसाने उचकटू नका. बाजूचे स्क्रू तीन-चार फेरे सैल करून त्यांच्या डोक्यांवर लाकडी दांड्याने आळीपाळीने हलके ठोका, पाटी आपोआप सरळ बाहेर येते. मुख्य स्प्रिंग दाबून धरायचा क्लॅम्प नसेल तर आत हात घालू नका, नुसतं रॉकेलने धुऊन तेल द्या.

लाकडाला काहीही करायची घाई नको. किंचित ओल्या फडक्याने मळ पुसा, वाळू द्या, जवसाच्या तेलाचा पुसट हात द्या. तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात टाका.

आता तुमची इच्छा. बार उडवता येईल का? साफ झाल्यावर नळीचं तोंड चकचकीत दिसेल आणि तुम्हाला हुरूप येईल. पण तोंड काही सांगत नाही. दाब सगळ्यात जास्त असतो बुडाशी, राख आणि ओल साचते तीही बुडाशी. भिंतीला तोंड वर करून उभ्या ठेवलेल्या बंदुकीचं सगळं तेलपाणी वर्षानुवर्षं तिथेच उतरलेलं असतं. म्हणजे जिथे लोखंड सगळ्यात जाड हवं तिथेच ते सगळ्यात खाल्लेलं. छोटा एलईडी दिवा दोऱ्याने खाली सोडा आणि शेवटची वीत बघा, जमलं तर नळीत जाणारा बारीक कॅमेरा वापरा. नखाच्या टोकाएवढे खोल खड्डे, निपलच्या भोकाभोवती खाल्लेली कड, किंवा मध्येच एखादी गोल सावली, म्हणजे नळी तिथे फुगलेली, यातलं एकही दिसलं तर विषय संपला. ती भिंतीवर शोभेल.

नळीवर चाचणीचे शिक्के, म्हणजे ती दाब सोसते हे तपासून मारलेले, आहेत म्हणून निश्चिंत होऊ नका. लंडनच्या गनमेकर्स कंपनीची सनद 1637 ची, बर्मिंगहॅमचं चाचणीगृह 1813 च्या कायद्याचं. त्यांचे शिक्के खरे असतात, पण ते त्या दिवशीच्या नळीबद्दल बोलतात. त्यानंतर गंजाने किती भिंत खाल्ली हे भिंतीची जाडी मोजणाऱ्या मापकाशिवाय कळत नाही, आणि ते मोजून लेखी मत देणारा माणूस भेटला तरच पुढचा विचार. आजच्या काडतुसांतली धूरविरहित दारू तर नव्या, धडधाकट ठासणीतही चालत नाही, मग ही तर म्हातारी. माझ्यापुरतं विचाराल तर खरोखर जुनी बंदूक मी उडवत नाही. हौस भागवायला नव्या बनावटीची ठासणी आहे, तिच्यात धुराचा वास तोच येतो.

साफ झाल्यावर ठेवायची कशी ते सांगून थांबतो. धातूला मेणाचा पातळ हात द्या. 1950 च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं रेनेसाँ वॅक्स संग्रहालयं वापरतात, मीही तेच वापरतो. तेल ओघळतं, मेण जागेवर राहतं. चामड्याच्या म्यानात किंवा फोमच्या पेटीत ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. आडवी ठेवा, नाहीतर तोंड खाली करून. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला पांढऱ्या फडक्याचा बोळा नळीतून फिरवा. केशरी डाग आला तर क्षार अजून आत आहेत, पुन्हा उकळावं लागेल.

पण हे सगळं नंतर. आज फक्त घोड्याखाली चामडं सरकवा, दोन काठ्या घ्या, आणि दोन्ही खुणांमधलं अंतर आणि बारीक काठी टेकताना आलेला आवाज मला लिहून कळवा.